चोपन्न पायऱ्या आणि एक बाबागाडी

अकराव्या दुकानातही सूनबाईने बाबागाडी नापास केली, तेव्हा विक्रेत्याने फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं होतं.

"मॅडम, हिला कप ठेवायला जागा आहे बघा," तो म्हणाला.

"ब्रेक किती वजन धरतो?"

"आणि हे छत निळ्या रंगातही येतं."

"दादा, ब्रेक विचारतेय मी."

विक्रेत्याने आशेने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा हवामान खात्यात होता. पंधरा वर्षं अंदाज लिहून लिहून त्याची जीभच तशी वळली होती. घरीदारी कुठेही त्याच्या तोंडून ठाम विधान म्हणून निघत नसे.

"बरी दिसतेय की," तो म्हणाला.

"बरी म्हणजे?"

"म्हणजे... चांगली असण्याची शक्यता आहे."

सूनबाईने शक्यतेवर विसंबायचं नाही असं ठरवलेलं होतं. तिने आपली पर्स, नवऱ्याची बॅग आणि दुकानातल्या लंगोटांची सहा पाकिटं गाडीत रचली, पायाने ब्रेक दाबला आणि दोन्ही हातांनी गाडी ढकलली. गाडी किंचित पुढे सरकली. तिने वाकून फरशीवरचं अंतर पाहिलं, वही काढली आणि लिहिलं, 'दीड इंच. नापास.'

बारा वर्षं ती लिफ्ट तपासायची. लिफ्टमध्ये नेमून दिलेल्या भाराच्या सव्वापट वजन भरायचं, ती थांबते का बघायचं, दोर बघायचे, दारांचे खटके बघायचे आणि मगच सही करायची, हे तिचं काम. तिची सही नसेल तर बावीस मजल्यांची इमारतसुद्धा जिन्याने चढायला लागे. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, ती स्वतः राहायची ती बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. चोपन्न पायऱ्या. त्यातली एकोणिसावी थोडी बसकी.

वहीत बाबागाडीच्या सतरा अटी होत्या. वजन सात किलोच्या आत. एका हाताने घडी व्हायला हवी. घडी होताना बोट अडकता कामा नये. ब्रेक पायाचा. चाक रस्त्याच्या जाळीत रुतता कामा नये. वगैरे वगैरे. सासरी या वहीची थट्टा चालायची. पण सतरा अटींच्या तळाशी खरी गोष्ट एकच होती, आणि ती तिने वहीत लिहिली नव्हती. एका हातावर ठमी, दुसऱ्या हातात गाडी, आणि कोणालाही हाक न मारता खाली.

ठमी तीन महिने नऊ दिवसांची होती. तेवढ्या दिवसांत सूनबाई इमारतीच्या दाराबाहेर एकदाही एकटी पडली नव्हती. घरचे वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. पण ही माणसं इतकी प्रेमळ की पळायला फटच नाही. मागच्या आठवड्यात तापमापकाची बॅटरी आणायला म्हणून ती निघाली, तर सासूबाईंनी ठमीला घेतलं, सासऱ्यांनी छत्री घेतली, नवऱ्याने पिशवी घेतली आणि चौघांची मिरवणूक औषधाच्या दुकानात जाऊन आली. येताना सूनबाईच्या हातात एक बॅटरी होती. बटणाएवढी.

एके काळी ती लिफ्टच्या खोक्याच्या टपावर, काळोख्या बोगद्यात, एक बॅटरी आणि एक पाना घेऊन तासन् तास एकटी उभी राहायची. तिथली शांतता हल्ली तिला स्वप्नात यायची.

*

रविवारी दुपारी चार वाजता खाली हॉर्न वाजला आणि ताई रथ घेऊन आली.

ताई म्हणजे सूनबाईची मोठी नणंद. तिची स्वतःची मोटार शिकवायची शाळा होती, आणि ती जगातल्या सगळ्या माणसांशी शेजारच्या सीटवरून ब्रेकवर पाय ठेवून बोलायची. रथ म्हणजे घराण्याची बाबागाडी. सासऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी, ताई जन्मली तेव्हा, स्वतःच्या हातांनी बांधलेली. ते सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या बांधायचे; हाताला कसब असं की मंत्र्यांच्या खुर्च्याही दुरुस्तीला त्यांच्याकडे आलेल्या. लोखंडी सांगाडा, वर लाकडी खोकं, चार स्प्रिंगा, आत गुबगुबीत गादी आणि बाहेरून गडद लाल रेक्झिन. त्यात ताई फिरली, सूनबाईचा नवरा फिरला, ताईचा मुलगा फिरला. आता ठमीची पाळी, हे इतकं उघड होतं की कोणी विचारायच्या भानगडीतही पडलं नव्हतं. मागे एकदा घरात कुठला पंखा घ्यायचा यावरून झालेल्या मोठ्या भांडणानंतर ताई आणि सासरे पहिल्यांदाच एकमेकांशी धड बोलत होते, तेही या रथापायी. सासऱ्यांनी गादी नवी भरली होती, ब्रेकचा दांडा स्वतः घासून बसवला होता.

रथ वर आणायला नवरा, ताई आणि पहिल्या मजल्यावरचे एक सज्जन लागले. मध्ये दोनदा टेकवावा लागला.

"तेवीस किलो," घाम पुसत ताई अभिमानाने म्हणाली. "हल्लीच्या प्लास्टिकच्या खेळण्यांसारखी नाही. अशी गाडी मिळणार आहे का तुला अकरा दुकानांत?"

सूनबाई ठमीला खांद्यावर थोपटत होती. तिने रथाकडे पाहिलं. सुंदर होता, यात शंका नाही. राजाच्या अंत्ययात्रेत शोभला असता.

"छान आहे हो ताई. पण तिसऱ्या मजल्यावरून खाली..."

"आम्ही नाही का उचलून नेणार? तू हाक मार, की आलोच," सासरे म्हणाले. त्यांना घरात सगळे दादा म्हणत.

"हाक मारली की आलोच," नवऱ्याने री ओढली, आणि बायकोच्या नजरेकडे बघून पुढे जोडलं, "साधारणपणे."

"मुळात हवीच कशाला गाडी?" खिडकीजवळच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. "मुलं मांडीवर वाढतात." त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली. स्वतः मात्र मोजकंच बोलायच्या.

सूनबाईने ठमीला त्यांच्या मांडीवर दिलं. हो म्हणावं, हे सोपं होतं. दादा रथाच्या कडेवरून फडकं फिरवत होते, तिच्याकडे न बघता, पण कान इकडेच. पण तिच्या तोंडून निघालं ते बारा वर्षांच्या सवयीने निघालं.

"दादा, मी तपासून बघू का एकदा?"

ताईच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे? दादांच्या कामाची तपासणी करणार तू?"

"करू दे की," दादा म्हणाले. उलट त्यांची छाती दोन इंच फुगली. "चाळीस वर्षांत कोणी विचारलं नाही. काय करायचं, बोल."

"उतार हवा. आणि वजन. ठमी वर्षाची होईल तेव्हा दहा किलो धरू. त्याच्या सव्वापट, साडेबारा."

घरात तेवढी जागा नव्हती, म्हणून सगळी वरात दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये आली. दादांनी सोफ्याची एक फळी आणली. तिचं एक टोक सासूबाईंनी नोकरीची आठवण म्हणून जपलेल्या दोन जाडजूड टेलिफोन डिरेक्टऱ्यांवर टेकवलं. रथात दहा किलो बटाट्यांचं पोतं ठेवलं, त्यावर अडीच किलो कांदे. फळीचा उतार जिन्याच्या बाजूला होता, आणि हे सूनबाईला अजिबात मान्य नव्हतं.

"दिशा बदलू या दादा. सुटली तर सरळ जिन्यात जाईल."

"सुटते कशी? माझा ब्रेक आहे तो."

"नियम आहे."

"बरं, मग माणूस उभा करू." आणि त्यांनी मुलाला जिन्याच्या तोंडाशी उभं केलं. "सुटली तर धर."

"प्रयत्न करता येईल," नवरा म्हणाला.

सूनबाईने नाइलाजाने ब्रेक लावला आणि हात सोडले. रथ फळीवर उभा राहिला. एक, दोन, तीन. दारातून सासूबाई मांडीवरची ठमी खांद्यावर घेऊन बघत होत्या. दहा. पंधरा. रथ जागचा हलला नाही. खरं सांगायचं तर सूनबाईला आता तो हलायला हवा होता. पास झाला, तर सही करावी लागणार, आणि सही म्हणजे वर्षभर जिन्यात उभं राहून हाका मारणं.

वीस झाल्यावर दादांना राहवलं नाही. "बघ!" ते ओरडले आणि आनंदाने त्यांनी रथाच्या मुठीवर एक सणसणीत थाप मारली.

ती थापच नडली. कुठेतरी टक् असा आवाज झाला, दांडा वर उडाला आणि रथ निघाला.

"धर!" ताई किंचाळली.

नवऱ्याने येणाऱ्या संकटाकडे पाहिलं, त्याची गती, वजन आणि दिशा यांचा विचार केला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तत्काळ निर्णय घेतला. तो बाजूला झाला.

रथ पहिल्या तीन पायऱ्या दिमाखात उतरला. चौथीवर लाकडी खोकं सांगाड्यापासून वेगळं झालं. मग पोतं फुटलं. पुढचं मिनिटभर त्या इमारतीत फक्त बटाट्यांचा आवाज होता, मजल्यामागून मजला उतरत जाणारा, आधी घाईघाईचा, मग एकेकट्याचा. शेवटी अगदी तळातून एका बाईचा आवाज आला, "अहो, तिसऱ्या मजल्यावरचे! कांदेही तुमचेच का?"

ठमी झोपेतच होती.

*

सगळे पुन्हा बैठकीत येऊन बसले. दादांच्या हातात ब्रेकचा दांडा होता. तो सरळ होता, तरी ते तो वळवून वळवून बघत होते.

"मुद्दाम केलंस तू," ताई सूनबाईला म्हणाली.

"ताई, थाप दादांनी मारली."

"थाप काय, निमित्त! तुला नकोच होती ती. वही काय, बटाटे काय. घरची वस्तू आहे, एवढा मान नाही ठेवता आला? नऊ वर्षं ती गाडी माझ्या माळ्यावर सुखरूप होती, आणि तुझ्या हातात नऊ मिनिटं टिकली नाही!"

नवरा छताकडे बघत बोटांवर वर्षं मोजत होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुझा मुलगा नऊ वर्षांचा आहे ना?"

ताई पर्समध्ये गाडीच्या किल्ल्या शोधू लागली.

"नऊ वर्षं माळ्यावर?" दादा म्हणाले. "मग तो फिरला कशात?"

"दादा, तसं नाही... म्हणजे सुरुवातीला दोनदा..."

"मी यायचो तेव्हा तर दारात उभी असायची. स्वच्छ पुसलेली."

"तुम्ही यायच्या आधी फोन करायचात ना," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता, शाळेतल्या मुलीसारखा. "मग आम्ही खाली काढायचो. दुसरी गाडी शेजारणीकडे ठेवायचो. हलकी होती ती. पिवळी. दादा, मी दिवसभर गाड्या चालवते, पण ही वळतच नव्हती हो! कोपरा आला की उचलून फिरवावी लागायची."

एक विचित्र आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. सासूबाई हसत होत्या. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मांडीवरची ठमी त्यांच्या हसण्याने वरखाली होत होती.

"तुला काय झालं?" दादांनी विचारलं.

"पिवळी," सासूबाई कशाबशा म्हणाल्या. "मला पिवळीही मिळाली नाही."

"म्हणजे?"

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. त्या बोलायला लागल्या तेव्हा सूनबाईला वाटलं, या बाईचा असा आवाज आपण कधी ऐकलाच नाही.

"तुम्ही सकाळी दुकानात जायचात. घरात मी, दोन पोरं आणि तो रथ. खाली न्यायला माणसं लागायची दोन. मग मी पोरीला घेऊन पायरीवर बसायची, कोणी येतंय का बघत. दूधवाला, पोस्टमन, कोणीही. कधी तासभर. कधी कोणी आलंच नाही की तशीच घरात यायची. संध्याकाळी तुम्ही विचारायचात, फिरवून आणलंस का? मी म्हणायची, हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तीन महिने खपून बांधली होतीत. काय सांगणार?"

दादा उठले. त्यांनी दांडा टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि दुकानाकडे निघून गेले. रविवार होता, दुकान बंद होतं, तरी गेले.

मग ताई सूनबाईशेजारी येऊन बसली. "ती वही दाखव बरं," ती पुटपुटली. आणि चार पानं चाळून म्हणाली, "आठवी अट चुकीची आहे तुझी. पुढची चाकं फिरती हवीत. नाहीतर मेलीस."

*

दोन दिवस दादा कोणाशी बोलले नाहीत. जेवताना मीठ मागायचं तरी बोट दाखवायचे. सूनबाईला अपराध्यासारखं वाटत होतं. एवढ्या वर्षांत तिने किती लिफ्ट बंद पाडल्या, किती मालकांच्या शिव्या खाल्ल्या, पण तेव्हा घरी येऊन ती शांत झोपली होती. मंगळवारी ती त्यांच्या दुकानाच्या दारात उभी राहिली, ठमीला कडेवर घेऊन. पाठीमागे अर्थातच सासूबाई छत्री धरून.

दादा एका खुर्चीला पट्ट्या ठोकत होते. तोंडात चार खिळे. त्यांनी एकेक करून ते काढले.

"चूक कुठे होती?" त्यांनी विचारलं.

"कशाची?"

"ब्रेकची. सुनेसारखं सांगू नकोस. तू कामावर सांगतेस तसं सांग."

सूनबाईने क्षणभर विचार केला. "दांडा ठीक आहे दादा. खाच उथळ आहे. वजन मुठीवर आलं की दांडा खाचेतून उचलला जातो. आणखी दोन सूत खोल हवी होती."

"दोन सूत," दादा म्हणाले. त्यांनी हातातले खिळे डबीत टाकले. "चाळीस वर्षं दोन सूत कमी. आणि पोरं बसायची त्यात. कोणी बोललं नाही." त्यांनी हात पुढे केला. "वही आण."

त्यांनी सतराही अटी वाचल्या, ओठ हलवत. एका ठिकाणी थांबून मान हलवली, एका ठिकाणी हुंकार दिला. शेवटी वही मिटून म्हणाले, "सात किलोच्या आत, आणि स्प्रिंगा, आणि मोठी चाकं, आणि भक्कम. असं काही नसतं बाळ. हलकं हवं असेल तर गचके सोसावे लागतात. मऊ हवं असेल तर वजन उचलावं लागतं. मी जन्मभर हेच करतोय. काय सोडतेस, सांग."

तिने तीन महिने शोधत काढले होते, आणि हा प्रश्न तिला एकाही दुकानात कोणी विचारला नव्हता.

"स्प्रिंगा," ती म्हणाली.

"ठमी हलेल."

"हलू दे."

बाराव्या दुकानात ते दोघंच गेले. नवऱ्याला घरी ठेवलं, त्याची मदत होण्याची शक्यता नव्हती म्हणून. विक्रेत्याने कप ठेवायची जागा दाखवली. दादांनी गाडी उलटी करून तिची शिवण दाखवली आणि त्या शिवणीबद्दल त्याला असं काही सुनावलं की तो आतून मालकालाच घेऊन आला. दोघांनी मिळून पाच गाड्या नापास केल्या. सहावी राखाडी, बारकी, सहा किलो तीनशे ग्रॅमची होती. दिसायला अगदीच सामान्य. ब्रेक लावून सूनबाईने ढकलली, मग दादांनी ढकलली, आणि मग त्यांनी मुठीवर थाप मारली. दोनदा. गाडी ढिम्म हलली नाही.

"पास?" दादांनी विचारलं.

"सतरातल्या बारा अटी."

"आपल्या घरात कोणालाच एवढे मार्क नाहीत मिळालेले," दादा म्हणाले. आणि बाहेर पडताना, दुसरीकडे बघत, "गादी मात्र मी शिवली तर चालेल? पातळच करतो. वजन करून देतो."

*

शुक्रवारी दुपारी सूनबाईने ठमीला डाव्या हातावर घेतलं, उजव्या हाताने गाडीची घडी उचलली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. मागे नवरा "मी जरा..." म्हणाला आणि कोणीतरी त्याला कोपर मारलं. ती चोपन्न पायऱ्या उतरली. एकोणिसाव्या पायरीवर जपून. खाली येऊन तिने पायाने गाडी उघडली, ठमीला ठेवलं, पट्टा लावला आणि रस्त्यावर आली.

कोपऱ्यावर येऊन उजवीकडे वळल्यावर तिच्या लक्षात आलं, की कुठे जायचं हे तिने ठरवलेलंच नाही. सतरा अटींमध्ये हे कुठेच नव्हतं. मग ती नुसतीच चालत राहिली. किल्ल्या करणाऱ्याच्या टपरीवरून, धोब्याच्या दुकानावरून, बँकेवरून. तिथली लिफ्ट गेल्या वर्षी तिनेच दोन दिवस बंद ठेवली होती. गाडी खडबडीत फरशीवर खडखडत होती आणि ठमीचे गाल थरथरत होते. ठमीला हे फार आवडलेलं दिसलं. तिने डोळे विस्फारून 'आ' लावला, आणि फरशीच्या धक्क्यांनी त्या 'आ'चं गाणं झालं.

शाळेसमोर एक बाक होता. ती बसली. कोणी तिला उन्हात बसू नकोस म्हटलं नाही. कोणी विचारलं नाही, दमलीस का, भूक लागली का, ठमीला टोपी घातलीस का. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग तिने आपणहून ठमीला टोपी घातली आणि स्वतःशीच हसली.

ती परतली तेव्हा इमारतीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. पायात बाहेर जायच्या चपला, खांद्याला पर्स, केस विंचरलेले.

"झालं फिरून?"

"झालं. तुम्ही खाली कशा? काही हवं होतं का? मी आणते."

"काही नको. ठमी झोपली का? बरं झालं." सासूबाईंनी गाडीची मूठ धरली. "ब्रेक कुठला? हा?"

"हो. पायाने दाबायचा. थांबा, मी येते तुमच्याबरो..."

सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. सूनबाईने वाक्य तिथेच गिळलं.

"तू वर जा. चहा झालाय," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्या दोघांना खिडकीतून ओरडू देऊ नकोस."

त्यांनी गाडी पुढे ढकलून पाहिली, मागे ओढून पाहिली आणि मग निघाल्या, आधी जपून, मग चांगल्याच झपाझप. कोपऱ्यावर क्षणभर थांबल्या. दोन्हीकडे पाहिलं आणि डावीकडे वळल्या.

पाऊण तासात येतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या आल्या दोन तासांनी, गाल तांबूस झालेले, ठमी गाढ झोपलेली. गाडी एका हातात, नात दुसऱ्या हातावर, चोपन्न पायऱ्या चढून, अजिबात धाप न लागता.

"अगं, होतीस कुठे?" दादांनी विचारलं.

"फिरायला," सासूबाई म्हणाल्या.

तीस वर्षं इतरांची गुपितं सांभाळलेली बाई ती. त्या दुपारी त्या कुठे गेल्या होत्या, हे त्या घराला शेवटपर्यंत कळलं नाही.